नाशिकहून डहाणू-बोर्डीच्या जुन्या घरात मुक्काम: काय आधी, काय नंतर

दर हिवाळ्यात ओळखीतली दोन-तीन कुटुंबं डहाणू, घोलवड, बोर्डीकडच्या एखाद्या जुन्या कौलारू घरात राहून येतात आणि हिरमुसून परततात. समुद्र दिसलाच नाही, आईला जिना चढता आला नाही, रात्री साडेनऊला पोहोचलो तर जेवण आवरलेलं होतं. घरात खोट नसते, यजमानांच्या अगत्यातही नसते. चुकतो तो क्रम. आधी फोटो पाहून पैसे पाठवायचे, मग सुट्टी काढायची आणि चौकशी तिथे गेल्यावर करायची, असा उलटा प्रवास होतो.

आपल्याला सर्वांत जवळचा समुद्र हाच. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी आणि डहाणू असा साधारण दीडशे किलोमीटरचा रस्ता आहे. खाली मुक्काम दोन रात्रींचा धरला आहे. एका रात्रीसाठी जाऊ नका, कारण पहिला दिवस रस्ता खातो आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी झाली की निघावं लागतं.

टप्पा १: आधी तिथी बघा, मग तारीख ठरवा

बहुतेक जण शनिवार-रविवार बघून तारीख धरतात. बोर्डीचा किनारा फार सपाट आहे. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समोर नुसता ओला, चिखलट पट्टा उरतो. तुम्ही संध्याकाळी पाच वाजता मुलांना घेऊन उतरलात आणि तेव्हा ओहोटी असेल, तर समुद्र लांबवर एका चकाकत्या रेघेएवढाच दिसेल.

यावर कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. प्रतिपदेपासून मोजायचं, पक्ष कुठलाही असो. षष्ठीला सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास भरती, म्हणून ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. पौर्णिमेचं चांदणं बघायला म्हणून गेलेली मंडळी सूर्यास्ताच्या वेळी चिखल बघत बसतात ती यामुळे. डहाणू मुंबईच्या उत्तरेला आहे, तिथे भरती मुंबईपेक्षा थोडी उशिरा येते. तेव्हा हा हिशेब अंदाजापुरता धरा आणि नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा यजमानांना विचारून पक्की करा.

माझी पसंती पंचमी ते अष्टमी. संध्याकाळी पाणी काठाशी असतं, शिवाय या दिवसांत भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी आणि जोरही कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. लहान मुलं बरोबर असतील तर ते दिवस टाळलेले बरे.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर दमटपणा अंगाला चिकटतो, पण ताडगोळे मिळतात, त्यामुळे त्यासाठी जाणारेही आहेत. पावसाळ्यात मोखाडा-जव्हारच्या घाटात धुकं आणि दरडी, आणि समुद्रात उतरायचं तर नावच नको. ताज्या मासळीसाठी जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते.

तपासा: पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. तिच्या आधीचे दोन-तीन दिवस त्र्यंबक रस्ता दिंड्यांनी भरलेला असतो. ती तारीख येत असेल तर एक आठवडा पुढे सरका. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांना या रस्त्याचा विचारच करू नका.

टप्पा २: घर निवडणं

या पट्ट्यात राहण्याची जुनी घरं दोन तऱ्हेची आहेत. एक, गावातलं कौलारू घर: ओटी, माजघर, मागे पडवी, परसात विहीर. दुसरं, चिकूच्या वाडीतला बंगला, त्यातले काही पारशी-इराणी बागायतदारांचे: उंच छत, रुंद व्हरांडा, आरामखुर्च्या, भोवती दाट झाडी. गावातल्या घरातून समुद्र जवळ असू शकतो, पण शेजार लागून असतो. वाडीतल्या बंगल्यात शांतता भरपूर असते, मात्र संध्याकाळनंतर काळोख आणि डासही तितकेच.

‘समुद्राजवळ’ या शब्दावर कधीही विसंबू नका. कुणाचं ‘जवळ’ दोनशे मीटर असतं, कुणाचं तीन किलोमीटर. चालत किती मिनिटं, हा एकच प्रश्न उपयोगाचा.

राज्याच्या पर्यटन विभागाची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, तिच्यात घरं नोंदवलेली असतात. नोंदणी आहे का हे विचारायला संकोच करू नका. नोंद नसलेलं घर वाईटच असतं असं नाही, पण तक्रार करायची वेळ आली तर नोंदणी असलेल्या घराबाबत दाद मागायला जागा असते.

सावध: आगाऊ रक्कम फोटो पाहून पाठवू नका. फोनवर बोलणं झालेलं असावं, आणि पैसे स्वीकारणाऱ्या खात्यावर दिसणारं नाव घरमालकाच्या नावाशी जुळावं. नाव वेगळं दिसलं तर तिथेच थांबा आणि विचारा. उरलेली रक्कम घर बघितल्यावर द्यायची, हेही आधीच बोलून ठेवा.

टप्पा ३: पंधरा मिनिटांचा फोन

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण हा फोन कुणी करतच नाही. ‘हाय, रूम अव्हेलेबल?’ असा संदेश टाकायचा, ‘हो’ आलं की झालं. अशा घरात व्यवस्थापक नसतो. फोन उचलणाऱ्या काकूच सकाळी तुमच्यासाठी चूल किंवा गॅस पेटवणार असतात. दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर फोन नको. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला निवांत बोलता येतं. काही घरांत बोलणं गुजराती वळणाच्या मराठीत होईल, तेव्हा सावकाश बोला आणि ठरलेलं पुन्हा एकदा म्हणून घ्या.

विचारायच्या गोष्टी, माझ्या अनुभवातल्या महत्त्वाच्या क्रमाने:

१. खोली खाली आहे की माडीवर? जुने लाकडी जिने खडे असतात आणि धरायला कठडा असेलच असं नाही. गुडघे दुखणारं कुणी असेल तर खालचीच खोली मागा.

२. संडास-न्हाणीघर खोलीला लागून आहे की परसात? कमोड आहे का? रात्री उठावं लागणाऱ्या माणसाला परसापर्यंत चालवत नेणं किती जड जातं, ते मी माझ्या वडिलांच्या वेळी पाहिलं आहे. दोन्ही रात्री आम्ही पाळी लावून जागलो. एका प्रश्नाने ते टळलं असतं.

३. गरम पाणी गीझरचं की बंबाचं? बंब असेल तर तो किती वाजता पेटतो? उशिरा उठून आंघोळीला गेलात तर पाणी निवलेलं असेल.

४. पिण्याचं पाणी कुठलं? किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी पुष्कळदा मचूळ असतं. गोदावरीच्या पाण्याला सरावलेल्या मुलांना ते उतरत नाही. पिण्यासाठी वेगळं पाणी ठेवतात का ते विचारा, नाहीतर जार सोबत घ्या.

५. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, आणि त्यावर पंखा चालतो की फक्त दिवा?

६. त्याच दिवशी दुसरी कुटुंबं येणार आहेत का, आणि ओटी-व्हरांडा सामाईक आहे का?

तुमच्याकडची माहितीही याच फोनवर द्या: माणसं किती, मुलं किती आणि कुठल्या वयाची, कुणाला काय त्रास आहे. चार सांगून सहा जण उतरणं ही अशा घरात फार मोठी अडचण होते, कारण मासळी, दूध, अंथरुणं सगळं मोजून आणलेलं असतं. परदेशी पारपत्र असलेला मुलगा किंवा सून बरोबर असेल तर तेही आधीच सांगा. परदेशी पाहुण्याची नोंद यजमानाला २४ तासांच्या आत सरकारकडे करावी लागते, त्यासाठी पारपत्र आणि व्हिसा लागतो.

तपासा: फोन झाल्यावर ठरलेलं सगळं चार ओळींत लिहून त्यांना पाठवा: तारखा, माणसं, खोली, जेवणं, दर, रद्द केल्यास काय. त्यांचा होकार आला की मगच आगाऊ रक्कम.

टप्पा ४: जेवणाचं आदल्या दिवशी

न्याहारी मुक्कामाच्या दरात धरलेली असते. दुपारचं-रात्रीचं जेवण बहुधा वेगळं आणि सांगितलं तरच. संध्याकाळी सात वाजता ‘आज पापलेट मिळेल का’ असं विचारून काही होत नाही. मासळी सकाळी येते आणि सकाळीच संपते. म्हणून पहिल्या दिवशीचं जेवण निघायच्या आदल्या संध्याकाळी फोनवर सांगायचं, दुसऱ्या दिवशीचं पहिल्या रात्री झोपण्यापूर्वी.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेज’ म्हणू नका. अंडं चालतं का, मासळीच्या भांड्यात केलेलं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, हे स्पष्ट करा. पारशी घरात न्याहारीला अकुरी (अंड्याची भुर्जी), पाव आणि पुदिना-गवती चहाची पात घातलेला चहा समोर येईल. अंडं न खाणाऱ्याला तो चहा पिऊनच उठावं लागतं, आणि वाईट यजमानांना वाटतं. संकष्टी किंवा एकादशी येत असेल तर साबुदाणा-दाणे बरोबर न्या. करून देणार का, हे विचारलंत की आनंदाने करून देतात.

न्याहारीची वेळ पाळा. आठ-साडेआठ म्हणजे आठ-साडेआठ. घावन तव्यावरून पानात यायला हवं, तासभर झाकून ठेवलं की त्याचं काही उरत नाही.

टप्पा ५: सामान

नाशिकची डिसेंबरातली थंडी डोक्यात ठेवून लोक स्वेटर भरतात. किनाऱ्यावर पहाटे शाल पुरते. सुती कपडे घ्या आणि एक जोड जास्त घ्या, कारण दमट हवेत ओले कपडे दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाहीत.

न विसरण्यासारखं: बॅटरी (मोबाइलचा उजेड धरून परसात चालता येत नाही), ओडोमॉस, नेहमीची औषधं, पायात अडकवायला रबरी चपला, समुद्राचे कपडे ठेवायला वेगळी पिशवी आणि रोख पैसे. वाडीत मोबाइलला रेंज नसली की पैसे पाठवण्याची सगळी ॲपं अडून बसतात.

इस्त्री, विजेची किटली, केस वाळवायचं यंत्र घरीच राहू द्या. जुन्या वायरिंगवर गीझर आणि किटली एकदम चालू झाली की फ्यूज जातो आणि अख्खं घर अंधारात बसतं.

यजमानांसाठी काही न्यावंसं वाटलं तर द्राक्षं किंवा चिवडा न्या. द्राक्षं मात्र डिकीत ठेवू नका, पायाशी सावलीत ठेवा.

टप्पा ६: रस्ता

पहाटे सहाला निघा. टाकी नाशिकमध्येच भरा, कारण त्र्यंबक सोडल्यावर पंप विरळ होत जातात. त्र्यंबकपर्यंत तीसेक किलोमीटर, पुढे घाट आणि वळणं. जव्हार साधारण ऐंशी किलोमीटरवर, तिथे चहा-नाश्त्याला थांबा. वळणांनी मुलांना उलट्या होतात, म्हणून पोटभर खाणं जव्हारनंतरच. चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडायचा असतो. मालट्रक वेगात असतात, तिथे घाई नको. थांबत-थांबत गेलं तरी बाराच्या सुमाराला पोहोचता.

गाडी नसेल तर नाशिकरोडहून रेल्वेने दादर, तिथून पश्चिम मार्गाने डहाणूरोड, पुढे रिक्षा. डहाणूरोडपर्यंत लोकल जाते, पण फेऱ्या मोजक्या आहेत, वेळापत्रक बघूनच निघा. घोलवड स्टेशन गावाला जवळ पडतं, मात्र तिथे थोड्याच गाड्या थांबतात.

सावध: अंधार पडल्यावर हा रस्ता धरू नका आणि पोहोचायची वेळ संध्याकाळनंतर जाऊ देऊ नका. वाड्यांमधल्या वाटांना पाट्या नसतात आणि नकाशा भलत्याच बांधावर नेऊन सोडतो. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालेला आहे, उद्योगांवर आणि जमिनीच्या वापरावर मर्यादा आहेत. शहरासारखी ओळीने हॉटेलं इथे नाहीत. रात्री दहाला काही बिनसलं तर दुसरी खोली शोधणं अवघड जातं.

बोर्डीहून गुजरातची हद्द अगदी जवळ आहे. उंबरगाव, संजाण किंवा उदवाड्याकडे फेरी मारायची असेल तर गाडीत दारूची बाटली नको. तिथे दारूबंदी आहे आणि गाडी तपासली जाते. उदवाड्याच्या अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, त्यासाठी मुद्दाम जाऊन दारातून परत येऊ नका.

टप्पा ७: पोहोचल्यावरचा पहिला तास

सामान उघडण्याआधी खोली बघा. पंखा, दिवा, नळ, दाराची कडी चालवून बघा. मच्छरदाणीला चारही बाजूंनी बांधायला खुंट्या आहेत का ते बघा, रात्री अकराला ते शोधण्यात अर्थ नसतो. कॉट भिंतीपासून वीतभर सरकवून घ्या. परसाची वाट उजेडी एकदा चालून या, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना घेऊन. जुन्या घरांचे उंबरठे उंच असतात, दाराची चौकट ठेंगणी. पहिल्या दिवशी कुणी ना कुणी ठेचकाळतं किंवा कपाळ आपटून घेतं.

काही कमी असेल तर लगेच, सौम्यपणे सांगा. ‘काकू, एक चादर जादा मिळेल का?’ एवढ्यावर काम होतं. दोन रात्री काही न बोलता काढायच्या आणि घरी येऊन दोन तारे द्यायचे, हे मला फार अन्यायाचं वाटतं. त्यांना सुधारायची संधीच मिळालेली नसते.

चपला कुठे काढायच्या, देवघराकडे जायचं की नाही, स्वयंपाकघरात पाणी प्यायला शिरलं तर चालेल का, हे विचारून घ्या. भिंतीवरच्या जुन्या तसबिरी, पितळी भांडी, कपाटातल्या वस्तू मुलांच्या हाताला लागू देऊ नका. ते प्रदर्शन म्हणून मांडलेलं नसतं, त्या घरात रोज वापरलं जातं.

टप्पा ८: रात्र

कौलारू घर रात्री आवाज करतं. वासे करकरतात, कौलांवर काहीतरी पळतं, वाडीत वटवाघळं चिकूवर येतात. झोपण्यापूर्वी मुलांना हे सांगून ठेवा, म्हणजे घाबरत नाहीत. आढ्याला पाल दिसली तर राहू द्या.

सावध: रात्री अनवाणी अंगणात उतरायचं नाही. सकाळी चपला-बूट झटकूनच घालायचे, विंचू आत बसलेला असू शकतो. काही चावल्याचा संशय आला तर घरगुती उपाय करत बसू नका. यजमानांना उठवा, १०८ ला फोन करा. सर्वांत जवळचा दवाखाना कोणता आणि रात्री उघडा असतो का, हे पहिल्या संध्याकाळीच विचारून ठेवा.

मागची पडवी आणि माजघर यांच्या मध्ये बहुधा नुसती फळ्यांची भिंत असते. तुमचं मोठ्याने बोलणं आणि मोबाइलवरचे व्हिडिओ पलीकडे झोपलेल्या आजींना जसेच्या तसे ऐकू जातात.

टप्पा ९: समुद्र

यजमानांना दोन गोष्टी विचारल्याशिवाय पाण्याकडे जाऊ नका: आज भरती किती वाजता, आणि कुठल्या बाजूला चिखल किंवा खड्डा आहे. आधीचा तिथीचा हिशेब तारीख ठरवायला होता. पाण्यात उतरायचं ते स्थानिक माणसाच्या शब्दावर.

पाणी मागे गेलेलं बघून मुलं लांबवर शिंपले वेचत जातात. भरती फिरली की या सपाट किनाऱ्यावर पाणी सरळ रेषेत येत नाही, खोलगट भागातून ते तुमच्या मागून भरतं आणि काठ आणि तुमच्या मध्ये पाणी उभं राहतं. सुरूच्या झाडांची रांग ओळखू येते तेवढ्याच अंतरात राहा. ओहोटी लागलेली असताना पाण्यात पुढे जाऊ नका, ती आत ओढते. पाणी गुडघ्यापर्यंत, त्यापुढे कुणीच नाही, पोहता येणाऱ्यानेसुद्धा नाही. गंगापूर धरणावर किंवा तलावात शिकलेलं पोहणं इथे कामाला येत नाही.

गाडी वाळूत उतरवू नका. रुतते, आणि भरती तिची वाट बघत थांबत नाही.

परत आल्यावर पाय बाहेरच्या नळावर धुवा. खारट वाळू घेऊन सारवलेल्या जमिनीवर किंवा जुन्या फरशीवर चाललं की यजमानांचा अर्धा दिवस झाडण्यात जातो.

टप्पा १०: निघताना, आणि चिकू

आदल्या रात्रीच हिशेब मागून घ्या, म्हणजे सकाळी धांदल होत नाही. मदतीला असणाऱ्या बाईंना जे द्यायचं ते त्यांच्या हातात द्या. अंथरुणं आवरून ठेवा, ओले टॉवेल गादीवर टाकू नका.

वाडीतले चिकू विचारल्याशिवाय तोडू नयेत, आणि तोडण्यात हशीलही नाही. झाडावरचा चिकू कडक आणि चिकाने भरलेला असतो, जीभ तुरट करून सोडतो. घोलवडच्या चिकूला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. तो वाडीतूनच विकत घ्या आणि मऊ मागू नका. पिकलेला चिकू घाटाच्या वळणांत नाशिकपर्यंत टिकत नाही. टणक, खरखर गेलेला, नखाने हलकं खरवडल्यावर आत हिरवा न दिसणारा निवडा. घरी आल्यावर कागदात किंवा गवतात गुंडाळून टोपलीत ठेवा, फ्रीजमध्ये नको. थंडीच्या दिवसांत नाशिकला पिकायला तिथल्यापेक्षा एक-दोन दिवस जास्त लागतात. रोज एकदा हाताने चाचपून बघा, मऊ लागलेले आधी वेगळे काढा.